नेटवर्क प्रोटोकॉलचे सिम्युलेशन

नेटवर्कवरील यंत्रांनी एकमेकांशी कोणत्या नियमांनी बोलायचे हे प्रोटोकॉल ठरवतो. ताण वाढला की तो कसा वागेल, किती पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) पोहोचतील, किती उशिरा पोहोचतील, हे यंत्रणा उभारण्याआधी जाणून घेण्याचे दोन मार्ग आहेत: गणिती प्रतिमान आणि संगणकावरील सिम्युलेशन.

प्रतिमानात गणित सुटावे म्हणून काही गोष्टी गृहीत धरतात. पॅकेट एकमेकांशी संबंध नसल्यासारखी, कधीही येतात, हे त्यातले नेहमीचे गृहीतक. १९०९ मध्ये डॅनिश गणितज्ञ एर्लांग यांनी टेलिफोन कॉल असेच मानले होते. हवाई विद्यापीठातील अलोहा या बिनतारी नेटवर्कच्या गणितातही तेच आहे. तेथे जो तो मनाला येईल तेव्हा संदेश सोडतो, त्यामुळे संदेश एकमेकांवर आदळून वाया जातात आणि वाहिनीची जास्तीत जास्त १८.४ टक्के क्षमताच कामी येते.

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट आहे. समजा, सांगलीवाडी ते हरिपूर या पट्ट्यात पाणीपातळी मोजणारे लोरावॅन (कमी विजेवर दूरवर संदेश पाठवणारे बिनतारी तंत्र) सेन्सर बसवले. तेही अलोहाच्याच पद्धतीने बोलतात. तासाला एक संदेश असताना एका चॅनेलवरचा भार (क्षमतेच्या तुलनेत पाठवलेले संदेश) १ टक्का असेल, तर अलोहाच्या सूत्रानुसार शंभरातले ९८ संदेश पोहोचतात. पाणी ४० फुटांवर गेल्यावर प्रत्येक सेन्सर मिनिटाला एक संदेश पाठवू लागला, की भार साठपट होतो आणि शंभरातले जेमतेम ३० पोहोचतात. म्हणजे माहितीची खरी निकड असते तेव्हाच ती हरवते. शिवाय सगळे सेन्सर एकाच पुराने जागे होतात, त्यामुळे संदेश स्वतंत्रपणे येतात हे गृहीतकच कोसळते. मग सूत्राचे ३० सुद्धा भरवशाचे राहत नाहीत. सिम्युलेशन लागते ते इथे.

त्यात घड्याळ सलग चालत नाही, एका घटनेवरून थेट पुढच्या घटनेवर उडी मारते. संदेश निघाला, दुसऱ्याशी टक्कर झाली, पुन्हा पाठवला, अशा घटना वेळेच्या क्रमाने रांगेत असतात. जवळच्या सेन्सरचा जोरदार सिग्नल टकरीतूनही वाचतो, हेही त्यात मांडता येते. यासाठी एनएस-३ आणि ओम्नेट++ ही साधने सर्रास वापरतात. एनएस-३ ची पहिली आवृत्ती २००८ मध्ये आली.

एकाच धावेचा आलेख मात्र पुरावा मानू नये. यादृच्छिक आकड्यांचे बीज (ती आकडेमालिका ज्यापासून सुरू होते तो आकडा) बदलून अनेक धावा घ्याव्या लागतात, सुरुवातीचा अस्थिर काळ वगळावा लागतो आणि सरासरीसोबत विश्वास-अंतरालही (खरी सरासरी ज्या मर्यादांत असण्याची खात्री वाटते तो पट्टा) द्यावा लागतो.