कॅडेट कंपनी कमांडर म्हणजे अधिकारी नव्हे

कॅडेट कंपनी कमांडर म्हणजे कॅडेटांच्या (प्रशिक्षणार्थींच्या) कंपनीचा प्रमुख म्हणून नेमलेला कॅडेट. ‘हे पद मिळालं की सैन्यातल्या अधिकाऱ्याचे अधिकार मिळतात,’ असं काहींना वाटतं. हुद्द्याचं नाव सैन्यातल्या कंपनी कमांडरसारखंच असल्याने गैरसमज होणं साहजिकच आहे.

पण अधिकारी ठरतो कमिशनमुळे, म्हणजे अधिकारी म्हणून मिळणाऱ्या अधिकृत सरकारी नियुक्तीमुळे. कॅडेटला मिळते ती प्रशिक्षणापुरती नेमणूक. प्रशिक्षण संपलं की तीही संपते. मग काम काय? हजेरी, गणवेश, कवायतीची तयारी, आणि वरून आलेला आदेश प्लाटून (कंपनीतल्या लहान तुकडी) कमांडरांमार्फत शेवटच्या कॅडेटपर्यंत नीट पोहोचवणं. कोणी आजारी असेल तर तेही वर कळवायचं. (खरी कसोटी इथेच, आरोळी ठोकण्यात नाही.)

पडताळायचं असेल तर आपल्या तुकडीचे स्थायी आदेश (कायम लागू असलेले लेखी नियम) वाचा: शिक्षेचा निर्णय कोणाचा, रजा कोण मंजूर करतं, अंतिम सही कोणाची.