शेत कुणाचं, कापणी कुणाची?

इंडोनेशियातल्या मध्य जावातल्या एखाद्या खेड्यात कुणी जुनं घर विकत घेतलं, तर घराखालची जमीनही त्याची झाली असं समजायचं कारण नाही. तिथलं पारंपरिक घर म्हणजे लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा. खांब जमिनीत पुरलेले नसतात, दगडी बैठकीवर उभे असतात आणि सांधे खाचेत खाच बसवून केलेले असतात. त्यामुळे घर उकलता येतं, तुकड्यातुकड्यांनी वाहून नेता येतं आणि दुसरीकडे पुन्हा उभं करता येतं. आपण ज्याला स्थावर म्हणतो, ते घर तिथे जंगम मालमत्तेत जमा होतं. आपलं घर दुसऱ्याच्या अंगणात उभारून आयुष्य काढणारी कुटुंबं जावात पूर्वापार आहेत. अशा आसऱ्याला राहण्याला ‘नुम्पांग’ म्हणतात.

मालकी म्हणजे एकच अखंड गोष्ट असते, ही समजूत इथेच ढासळायला लागते. जमीन एकाची, घर दुसऱ्याचं, अंगणातल्या नारळाची नीरा काढायचा करार तिसऱ्याचा, गोठ्यातली शेळी चौथ्याची आणि तिच्या करडांचा वाटा सांभाळणाऱ्याचा. जावातल्या खेड्याचा अभ्यास करणाऱ्यांना गेली शंभर-दीडशे वर्षं गुंतवून ठेवलं आहे ते या गुंत्यानेच.

आधी गर्दीचा विचार करू. जावा बेट सुमारे १ लाख ३० हजार चौरस किलोमीटरचं, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही लहान. २०२० च्या जनगणनेत तिथे १५ कोटींहून अधिक माणसं होती. एवढ्यांना पोसण्याची किमया ज्वालामुखींची आणि पाण्याची. मेरापीसारखे जागते ज्वालामुखी राख टाकत राहतात आणि त्या खनिजांचा गाळ पाण्याबरोबर उतरत उतरत भातखाचरांत येतो. खाचराला तिथे ‘सावाह’ म्हणतात. वर्षानुवर्षांच्या चिखलणीने तळाशी मातीचा घट्ट थर बसतो आणि पाणी झिरपणं कमी होतं. साचलेल्या पाण्यात नीलहरित शैवाल वाढतं, ते हवेतला नायट्रोजन पिकाला वापरता येईल अशा रूपात बांधतं. कोरडवाहू जमीन सततच्या पिकांनी थकते, तसं सावाहचं होत नाही. उलट लावणी नीट ओळीत केली, बेणणी एकदा जास्त केली, बांध रोज तपासले, तर थोडं का होईना, उत्पन्न वाढतं.

अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी १९६३ मध्ये नेमका हाच धागा पकडला. त्याच खाचरात आणखी हात सामावून घेता येतात, म्हणून जावातल्या लोकांनी शेत वाढवण्याऐवजी कामाची आणि हक्कांची विभागणी बारीक बारीक करत नेली आणि मिळून गरिबी वाटून घेतली, असं त्यांचं म्हणणं होतं. मांडणी देखणी आहे, पण वाटून घेताना कुणाच्या पदरात किती पडलं, हा प्रश्न तिच्यात मागे राहतो.

कारण खेड्यात पायऱ्या होत्या. मध्य जावातल्याच योग्याकार्ता शहराच्या परिसरात ज्याच्याकडे सावाह, परसाची जमीन आणि घर हे तिन्ही होतं, त्याला ‘कुली केन्चेंग’ म्हणत. आपल्या कानाला कुली म्हणजे ओझी वाहणारा. तिथे तो गावातला पूर्ण प्रतिष्ठेचा खातेदार. पण ओझं त्याच्याही डोक्यावर होतंच. रस्ते, कालवे, पहारा, सरकारी वेठ हे सगळं जमिनीला चिकटलेलं होतं. १८३० मध्ये डच गव्हर्नर-जनरल फान डेन बॉश यांनी सक्तीच्या पिकांची पद्धत आणली. गावाने साधारण पाचवा हिस्सा जमीन सरकारला हव्या त्या पिकाखाली, नीळ वा ऊस, लावायची. ज्याच्याकडे जमीन, त्याच्यावर वेठ. मग काही गावांनी जमिनीचे वाटे आणखी माणसांत पाडले, म्हणजे ओझ्याचेही वाटे पडावेत. काही भागांत हे वाटे आळीपाळीने फिरवले जात. बाहेरून पाहणाऱ्याला तो प्राचीन ग्रामसमाजाचा सामुदायिकपणा वाटे. त्यातला बराचसा भाग वेठीच्या धाकाने घडलेला होता.

गावच्या कारभाऱ्यांना पगाराऐवजी जमीन मिळे. तिला ‘बेंगकोक’ म्हणतात. पद असेपर्यंत ती कसायची, पद गेलं की जमीन परत. आपल्याकडच्या पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाशी तिचं साम्य आहे, पण वतन वंशाने चाले आणि बेंगकोक पदाबरोबर. योग्याकार्ता भागात निवृत्त कारभाऱ्यासाठीही वेगळा तुकडा राखून ठेवत. गावातली सर्वांत चांगली खाचरं पुष्कळदा याच खात्यावर असत, त्यामुळे सरपंचपदाची निवडणूक ही जमिनीसाठीचीही निवडणूक ठरे.

आता घराच्या आतली मालमत्ता. जावातलं नातं आईकडून आणि वडिलांकडून सारखंच मोजलं जातं आणि मुलीला वाटा असतो. किती, याबद्दल दोन म्हणी आहेत. ‘सपिकुल सगेन्डोंगान’ म्हणजे मुलाला कावडीएवढं, मुलीला पाठीवरच्या गाठोड्याएवढं. कावडीला दोन टोपल्या, म्हणून दोनास एक. हे इस्लामी वारसा नियमाशी जुळतं. दुसरी म्हण ‘दुम-दुम कुपात’, म्हणजे सगळ्यांना समान. एकाच गावात, एकाच घराण्यातसुद्धा दोन्ही रीती सापडतात. आईवडिलांना शेवटपर्यंत सांभाळणाऱ्या अपत्याकडे, बहुधा धाकट्या मुलीकडे, घर जातं.

लग्नात प्रत्येकाने आणलेली मालमत्ता ‘गावान’ आणि लग्नानंतर दोघांनी मिळून कमावलेली ‘गोनो-गिनी’. घटस्फोट झाला तर गावान ज्याची त्याला आणि गोनो-गिनीची वाटणी. संसारात उभं राहिलेलं दोघांचं, हे तत्त्व इंडोनेशियाच्या १९७४ च्या विवाह कायद्यातही आलं. कायदा व्हायच्या कितीतरी आधी खेड्यातल्या बायका ते वापरत होत्या. पैसा सांभाळणं, आठवड्याच्या बाजारात घासाघीस करणं ही कामं तिथे बायकांचीच. बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा: लेगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन. कुठल्या गावाचा बाजार पोनला भरतो आणि कुठला लेगीला, हे बाईच्या डोक्यात पक्कं असतं.

घराभोवतालच्या परसाला ‘पकारांगान’ म्हणतात, आणि इथे थोडं रेंगाळायला हवं. वर नारळ आणि फणस, त्याखाली केळी, मेलिंजो आणि पपई, त्याखाली कसावा, अगदी जमिनीलगत अळू, हळद, आलं, मिरची. मध्ये कोंबड्या आणि एखादी शेळी. परक्या माणसाला हे झाडोऱ्याचं रान वाटतं. पण प्रत्येक थर वेगळ्या उंचीवरचा उजेड टिपतो आणि वर्षभर काही ना काही काढायला असतं. एका खेड्यातल्या सगळ्या परसांत मिळून वनस्पतींच्या शेकडो जाती मोजल्या गेल्या आहेत.

इथे एक चकवा आहे. उंच झाडं पावसापासून माती वाचवतात असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात उंच पानांवर बारीक थेंब एकत्र येऊन मोठे होतात आणि आठ-दहा मीटरवरून पडताना ते पुन्हा जवळजवळ पूर्ण वेग धरतात. अशा थेंबाचा मातीवरचा आघात उघड्या पावसापेक्षा जास्तही असू शकतो. परसातली माती खरोखर वाचते ती जमिनीलगतच्या झुडपांमुळे आणि पालापाचोळ्यामुळे. जावातल्या घरापुढचं अंगण रोज सकाळी लख्ख झाडलेलं असतं, पण गोळा झालेला पाला परसातल्या खड्ड्यात जातो, कुजतो आणि झाडांच्या मुळाशी परततो. पण गरिबीमुळे तो पाला सरपणासाठी उचलावा लागला, की वर झाडं तशीच उभी असताना खालची माती वाहून जाते. मातीचं भवितव्य घरातल्या चुलीला असं बांधलेलं आहे.

१९७०च्या दशकात योग्याकार्ताजवळच्या एका खेड्यात ॲन स्टोलर आणि बेंजामिन व्हाइट यांनी घराघरातली कामं तासांत आणि उत्पन्न मापांत मोजलं. ज्यांच्याकडे सावाह कमी, त्यांच्याकडे परसाचा वापर जास्त दाट असतो, हे स्टोलर यांनी दाखवलं. व्हाइट यांच्या मोजणीत एकेक माणूस वर्षभरात कितीतरी प्रकारची कामं करताना दिसला: मजुरी, चटया विणणं, गूळ करणं, फेरीचा व्यापार. बायकांचा कामाचा दिवस पुरुषांहून लांब होता आणि लहान मुलंही गवत कापायला, भावंडं सांभाळायला लागत. ‘वाटून घेतलेल्या गरिबी’ची कल्पना या आकड्यांपुढे टिकत नाही. जमीनवाल्या घरांना त्यांच्या कामाचा मोबदला जास्त मिळे, भूमिहीनांना तासन् तास राबूनही कमी.

या सगळ्याचा पेच सर्वांत स्पष्ट दिसतो तो कापणीत. जुन्या काळी भात विळ्याने कापत नसत. ‘आनी-आनी’ नावाचं बोटाएवढं पातं लाकडाच्या चिपेत बसवलेलं असे. बाई ते तळव्यात धरी आणि बोटांनी एकेक लोंबी ओढून खुडे. भाताची देवता देवी श्री विळा पाहून भिते, म्हणून पातं मुठीत लपवायचं, अशी श्रद्धा. तिला शास्त्रीय बाजूही आहे. जुन्या जाती उंच वाढत, सगळ्या लोंब्या एकदम पिकत नसत, त्यामुळे पिकलेली तेवढी निवडून खुडणं सोयीचं होतं. लोंब्यांच्या पेंढ्या बांधून तशाच कोठारात ठेवत आणि लागेल तसं भात लाकडी द्रोणीत कांडत.

पण आनी-आनीने काम हळू होतं, म्हणून हात पुष्कळ लागतात. आणि तेच गावाला हवं होतं. कापणीला येऊ पाहणाऱ्या बाईला परत पाठवणं शेतमालकाला शोभत नसे. प्रत्येकीला तिने खुडलेल्या भातातला ठरावीक हिस्सा मिळे, त्याला ‘बावोन’ म्हणतात. एकेका शेतात कापणाऱ्यांची झुंबड उडे. हिस्साही सगळ्यांना सारखा नसे: सख्ख्या नात्यातल्या आणि शेजारच्या बाईला मोठा, परगावच्या अनोळखी बाईला लहान. मागून म्हाताऱ्या आणि मुलं सरवा वेचायला येत. सरव्याला तिथे ‘ङासाक’ म्हणतात. थोडक्यात, शेत मालकाचं असलं तरी त्यात पाऊल टाकायचा हक्क गावाचा होता.

मग नवं बियाणं आलं. १९६६ मध्ये फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने आयआर-८ ही बुटकी जात प्रसारित केली. तिचा एक पालक ‘पेटा’ ही जावात तयार झालेली उंच जात, आणि पेटाच्या पालकांपैकी एक बंगालमधली ‘लतिसाइल’. बंगालच्या भाताची ही नात जावाला परतली, आणि तिथे ‘पीबी’, म्हणजे ‘पेटा बारू’, नवी पेटा, या नावाने रुजली. बुटक्या ताटांवर लोंब्या एकदम पिकतात आणि दाणा सहज झडतो. पेंढ्या बांधून घरी नेईपर्यंत बरंचसं भात वाटेत सांडायचं. शेतातच झोडून पोती भरायची, तर विळाच हवा.

विळ्याबरोबर आला ‘तबासान’: उभं पीक व्यापाऱ्याला विकून टाकायचं. व्यापारी बाहेरचा. तो आपली मोजकी टोळी आणतो, तराजूवर तोलून मजुरी देतो, आणि शेजारच्या बाईला नको म्हणताना त्याला संकोच वाटायचं कारण नसतं. मालकालाही सुटल्यासारखं वाटे. त्याने कुणाला नकार दिलेला नसे. त्याच सुमारास भातगिरण्या पसरल्या आणि कांडणाचं काम संपलं. नव्या बियाण्याने उत्पन्न वाढवलं, १९८४ मध्ये इंडोनेशिया तांदळात स्वयंपूर्ण झाला, हे लहान यश नव्हे. पण ज्या बायका सुगीला चार-सहा आठवड्यांचं धान्य घरी नेत, त्यांचा वाटा कुठल्याही कायद्याने रद्द न होता नाहीसा झाला. तो कुठल्या कागदावर नव्हताच, म्हणून त्याची फिर्यादही कुठे झाली नाही.

कागदाचीही गोष्ट आहे. १८११ ते १८१६ या ब्रिटिश अंमलात जावाचे लेफ्टनंट-गव्हर्नर रॅफल्स यांनी भारतातल्या पद्धतींवरून जमीन महसूल बसवला. तीच रयतवारीची कल्पना पुढे मुंबई इलाख्यात आली. इंडोनेशियन भाषेत आजही जनतेला ‘राक्यात’ म्हणतात, आपलीच ‘रयत’. संपूर्ण मालकीला ‘हाक मिलिक’, म्हणजे आपल्या ‘हक्क’ आणि ‘मालक’ यांची भावंडं. गावच्या कचेरीत ‘लेटर सी’ नावाची वही असते. ती मुळात महसुलाची नोंद, पण गावकरी तिलाच मालकीचा पुरावा मानत आले. सातबारा हातात घेऊन कचेरीच्या पायऱ्या चढलेल्या मराठी माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

स्वातंत्र्यानंतर १९६० च्या कायद्याने जमिनीला कमाल मर्यादा घातली. दाट वस्तीच्या भागात सावाह पाच हेक्टरपर्यंत. किमान दोन हेक्टरचं ध्येयही ठेवलं, पण जावात तेवढी जमीन होतीच कुठे? अर्ध्या हेक्टरहून कमी जमीन असलेल्या शेतकऱ्याला तिथे ‘गुरेम’ म्हणतात. गुरेम म्हणजे कोंबडीच्या अंगावरची बारीक पिसू. वाटप रेंगाळलं, तेव्हा डाव्या शेतकरी संघटनेने जमिनी ताब्यात घ्यायला सुरुवात केली, आणि पुढे १९६५-६६ मध्ये डाव्यांविरुद्धच्या कत्तलींत लाखो माणसं मारली गेली. जमीन मिळालेल्यांपैकी कित्येकांनी ती गमावली. खेड्यातले पुढचे सगळे करार त्या भीतीच्या छायेत झाले. विळा आणि तबासान फारशा विरोधाशिवाय पसरले, त्यामागे हेही एक कारण होतं, असं मला वाटतं.

२०१७ पासून सरकारने गावंच्या गावं मोजून प्रत्येक तुकड्याला प्रमाणपत्र द्यायची मोहीम चालवली आहे. त्याने कर्ज मिळतं, भावाभावांचे तंटे मिटतात. प्रमाणपत्रावर सीमा असतात, क्षेत्रफळ असतं, नाव असतं. सरवा वेचणारीसाठी त्यात रकाना नाही.

योग्याकार्ताच्या बाजूला काही शेतकरी अजूनही कापणीच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी ‘विविटान’ करतात. बांधावर भात, अंडं आणि कोंबडीचा नैवेद्य मांडतात, म्हातारी आनी-आनीने मोजक्या लोंब्या खुडते, आणि जेवण जमलेल्या सगळ्यांना वाटून टाकतात. पानात बांधून घरी न्यायच्या घासाला तिथे ‘बर्कात’ म्हणतात, आपली बरकतच. मग बांधापलीकडे थांबलेलं कापणीयंत्र सुरू होतं.