माकुलाची दोन लांब शुंडके

ताजा, अख्खा माकूल, म्हणजे स्क्विड, ताटात ठेवून डोक्यापुढचे अवयव मोजा. आठ आखूड बाहू आणि दोन लांब शुंडके असे दहा भरतील. बाहूंवर बुडापासून टोकापर्यंत चूषके, म्हणजे चिकटून धरणाऱ्या वाट्या, असतात. शुंडकाचा दांडा मात्र गुळगुळीत असतो, चूषके फक्त टोकाच्या रुंद भागावर. ऑक्टोपसला शुंडके नसतात, फक्त आठ बाहू असतात.

शुंडकात ना हाड, ना सांधा. मधोमध जाड मज्जातंतू आणि त्याभोवती आडव्या स्नायूंचा गाभा, त्याबाहेर उभे स्नायू. स्नायूंचं आकारमान बदलत नाही, त्यामुळे आडवे स्नायू आवळले की शुंडक बारीक होतं आणि तितकंच लांब व्हावं लागतं. व्यास 25 टक्क्यांनी घटला तर लांबी सुमारे 78 टक्के वाढते, कारण लांबी व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात बदलते. ओढून आत घ्यायचं काम उभ्या स्नायूंचं.

अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरच्या डोरिट्यूथिस पीली या जातीवर विल्यम किअर आणि योहान व्हॅन लेउवेन यांनी 1997 साली वेगवान चित्रीकरणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. शुंडक 20 ते 40 मिलिसेकंदांत पूर्ण ताणलं जातं आणि टोकाचा वेग सेकंदाला 2 मीटरच्या वर जातो. या वेगाचं मूळ स्नायूतंतूंच्या रचनेत आहे आणि ती रचना खरोखर विलक्षण आहे. तंतुक म्हणजे स्नायूला आकुंचन देणारे प्रथिनांचे सूक्ष्म धागे. बाहूंतल्या स्नायूंचे जाड तंतुक सुमारे 7 मायक्रोमीटर लांब, तर शुंडकातल्या आडव्या स्नायूंचे 1 मायक्रोमीटरपेक्षाही आखूड. आखूड तंतुकांमुळे आकुंचन पावणारे घटक एकामागोमाग जास्त संख्येने बसतात आणि प्रत्येकाचं थोडं थोडं आकुंचन एकाच वेळी जमा होतं. बदल्यात जोर कमी पडतो. बाहूंना शिकार आवळून धरायची असते, म्हणून त्यांच्यात लांब तंतुकच आहेत. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लांत हे आखूड तंतुकांचे स्नायू तयार झालेले नसतात, त्यामुळे पहिले काही आठवडे ती बाहूंनीच शिकार धरतात.

शिकारीवर शुंडकांची फेक इतकी झटपट होते की सुटल्यावर नेम सुधारायला वेळच उरत नाही. म्हणून माकूल आधी शिकारीकडे तोंड करून अंतर साधतो. अंतर चुकलं की शिकार निसटते.

टोकाच्या चूषकांवरून बोट फिरवलं तर खरखर लागते. ती आतल्या दातेरी कड्यांची. ही कडी निव्वळ प्रथिनांची असतात, शिजवूनही मऊ पडत नाहीत. म्हणून साफ करताना काढून टाकलेली बरी.

पकडलेला मासा बाहूंच्या हवाली होतो आणि चोच त्याचे लचके तोडते. घास लहानच लागतो, कारण माकुलाची अन्ननलिका मेंदूच्या मधून जाते.