पगारी रजेची तरतूद (मुंबईतील कंपन्या)

पगार न कापता कर्मचाऱ्याला वर्षभरात किती, कोणत्या प्रकारची आणि कोणत्या अटींवर रजा द्यायची हे ठरवून ते हजेरी व पगारपत्रकात बसवण्याच्या कामाला पगारी रजेची तरतूद म्हणतात. नेमणूकपत्रात बहुधा ‘वर्षाला २४ रजा’ एवढे एकच वाक्य असते. प्रत्यक्षात त्या २४ दिवसांत तीन वेगळी खाती असतात: अर्जित रजा (पीएल), किरकोळ रजा (सीएल) आणि आजारपणाची रजा (एसएल). प्रत्येक खात्यात रजा जमा होण्याची रीत वेगळी, शिल्लक बाद होण्याचा दिवस वेगळा, आणि नोकरी सोडताना त्याचे पैसे मिळतात की नाही तेही वेगळे. तिन्हींचा एकच आकडा केला की कोणते ना कोणते खाते कायद्याच्या किमान मर्यादेखाली जाते. मुंबईतल्या लहान-मध्यम कंपन्यांतली रजेची बहुतेक भांडणे याच एका आकड्यातून सुरू होतात.

कायद्याची चौकट

मुंबईतली कार्यालये, दुकाने, गोदामे, हॉटेले यांना महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७ लागू होतो. तो १९ डिसेंबर २०१७ पासून अमलात आहे आणि त्याने १९४८ चा मुंबईचा जुना कायदा रद्द केला. मूळ कायदा १० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता. ही मर्यादा २० वर नेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये घेतला. कारखान्यांसाठी, म्हणजे अंधेरी-मरोळच्या औद्योगिक गाळ्यांपैकी ज्यांची नोंद कारखाना म्हणून आहे त्यांच्यासाठी, १९४८ चा कारखाने अधिनियम होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा केंद्राच्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने घेतली आहे.

राज्याच्या कायद्याचे कलम १८ रजेचे आहे. त्यातले मुख्य आकडे असे:

किरकोळ रजा वर्षाला ८ दिवस. ती तिमाहीप्रमाणे खात्यात जमा होते आणि न वापरल्यास वर्षअखेर बाद होते.
अर्जित रजा दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस. वर्षात २४० दिवस काम भरले तर ती पुढच्या वर्षी मिळते.
अर्जित रजेचा साठा जास्तीत जास्त ४५ दिवस.
सणांच्या पगारी सुट्ट्या ८. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या. उरलेल्या ४ वर्ष सुरू होण्याआधी मालक आणि कामगार यांच्या संमतीने ठरवायच्या.

केंद्राच्या संहितेत, तिच्या कलम ३२ नुसार, पात्रता २४० ऐवजी १८० दिवसांची आहे. दर २० दिवसांना १ हा हिशेब तोच आहे, पण साठा ३० दिवसांचा आणि त्यावरची रजा रोखीत मागण्याचा हक्क आहे. धोरण लिहिताना पात्रतेसाठी १८० आणि साठ्यासाठी ४५, अशी दोन्हीकडची कामगाराला सोयीची बाजू घेतली आणि ४५ च्या आतही रोखीकरणाची सोय ठेवली, तर नंतर दुरुस्त्या कराव्या लागत नाहीत.

‘आमच्याकडे सगळे मॅनेजरच आहेत, कायदा लागू नाही’ ही पळवाट टिकत नाही. व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय किंवा गोपनीय स्वरूपाच्या कामावरच्या माणसांना सूट आहे, पण त्यांची यादी जाहीर करावी लागते आणि त्यांची संख्या एकूण कामगारांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असून चालत नाही.

अर्जित रजेचा हिशेब

सहा दिवसांचा आठवडा असेल तर ३६५ मधून ५२ रविवार आणि ८ सुट्ट्या वजा जाता ३०५ दिवस उरतात. ३०५ भागिले २० म्हणजे १५.२५, म्हणून सर्रास १५ पीएल दिल्या जातात. पाच दिवसांच्या आठवड्यात गणित बिघडते. १०४ शनिवार-रविवार आणि ८ सुट्ट्या गेल्यावर २५३ उरतात. त्यातून ८ सीएल गेल्या की २४५, आणि ७ एसएल घेतल्या की २३८. म्हणजे कंपनीने दिलेल्याच रजा घेणारा माणूस २४० च्या खाली जातो आणि हजेरी-पगाराचे सॉफ्टवेअर त्याला पुढच्या वर्षी शून्य पीएल दाखवते. ‘काम केलेले दिवस’ यात पगारी रजा, सणाच्या सुट्ट्या, प्रसूती रजा धरायची की नाही हे धोरणात लिहिले नसल्याचा हा परिणाम. जुन्या कारखाने अधिनियमात यावर चांगली तोड होती: प्रसूती रजेचे आणि आदल्या वर्षी कमावलेल्या रजेचे दिवस पात्रतेसाठी मोजायचे, पण त्या दिवसांवर नवी रजा द्यायची नाही. तीच वाक्यरचना उचलणे शहाणपणाचे. कामगार कपातीच्या संदर्भात २४० दिवस मोजताना रविवार आणि पगारी सुट्ट्या धराव्यात, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये अमेरिकन एक्स्प्रेस बँकेच्या कामगारांच्या खटल्यात दिला होता. तो रजेच्या कलमाबद्दल नाही, तरी वाद झाला की कामगाराचा वकील तो पुढे करतोच.

मध्येच रुजू झालेल्यांचा प्रश्न वेगळा. १ एप्रिलला रुजू झालेल्या माणसाला ३१ डिसेंबरपर्यंत २७५ दिवस मिळतात. त्यातले ३९ च्या आसपास रविवार गेले की २३६ उरतात. २४० ची अट शब्दशः लावली तर त्याला पहिले नऊ महिनेच नव्हे, तर पुढचे अख्खे वर्षही पीएलविना काढावे लागेल. म्हणून बहुतेक कंपन्या दरमहा जमा करतात: १५ साठी १.२५, १८ साठी १.५, २१ साठी १.७५. जमा महिन्याच्या शेवटी करावी, पहिल्या तारखेला नको. ५ तारखेला राजीनामा देणाऱ्याच्या खात्यात न कमावलेली रजा पडली की शेवटच्या हिशेबात वाद होतो. अपूर्णांकांचाही नियम हवा. अर्धा किंवा जास्त असेल तर पूर्ण दिवस, त्याहून कमी असेल तर सोडून द्यायचा, ही कारखाने अधिनियमातली रीत सर्वांच्या परिचयाची आहे.

किरकोळ आणि आजारपणाची रजा

सीएलच्या आठही रजा जानेवारीत एकरकमी देणे कर्मचाऱ्याला आवडते, पण मार्चमध्ये सोडून जाणाऱ्याकडून ६ दिवसांचे पैसे कापायची वेळ आली की तोच नियम कडू लागतो. दरमहा ०.६६ असे जमा करण्याची सवय काही सॉफ्टवेअरना असते. त्याने वर्षाला ७.९२ होतात आणि कायद्याची पूर्तता ०.०८ दिवसाने हुकते. तिमाहीच्या पहिल्या तारखेला २ दिवस जमा करणे हे सरळ आणि कायद्याला धरून आहे. वर्ष कॅलेंडरचेच, म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. मुख्यालय दुसऱ्या राज्यात असलेल्या कंपन्या एप्रिल ते मार्च असे रजेचे वर्ष मुंबईच्या शाखेला लावतात. तपासणीत ते पहिल्याच पानावर सापडते.

आजारपणाची स्वतंत्र पगारी रजा राज्याच्या या कायद्यात नाही. दरमहा २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणाऱ्यांना ईएसआयचा (कर्मचारी राज्य विमा योजनेचा) आजारपण लाभ मिळतो: वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत. मात्र पहिले दोन दिवस प्रतीक्षेचे म्हणून त्यांचा लाभ मिळत नाही, आणि ज्या दिवसाचा पगार कंपनीने दिला त्या दिवसाचा ईएसआय लाभही घेता येत नाही. त्यामुळे ईएसआयमधल्या माणसाला १२ एसएल देण्यापेक्षा प्रतीक्षेचे ते दोन-दोन दिवस भरून निघतील अशा ४ ते ६ एसएल देणे अधिक उपयोगी. २१,००० च्या वरच्यांना मात्र कंपनीशिवाय कुणी नाही. त्यांना ७ ते १२ एसएल देण्याची पद्धत आहे. डॉक्टरचा दाखला तिसऱ्या दिवसापासून मागावा. एका दिवसाच्या तापासाठी दाखला मागितला की लोक ५० रुपयांचा दाखला आणतात, आणि त्या कागदावरचा विश्वासही जातो.

प्रसूती रजा (२६ आठवडे, दोन किंवा अधिक हयात मुले असल्यास १२ आठवडे) या खात्यांत मिसळायची नाही. लैंगिक छळाच्या तक्रारीची चौकशी चालू असताना समितीच्या शिफारशीने मिळणारी तीन महिन्यांपर्यंतची रजाही वेगळी. मतदानाच्या दिवसाची पगारी सुट्टी लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५ब खाली येते आणि ती आठ सणांत धरता येत नाही.

सणांची यादी आणि गणपती

संमतीच्या चार सुट्ट्यांत मुंबईत गणेश चतुर्थी आणि दिवाळी ठरलेलीच असते; उरलेल्या दोन जागांसाठी गुढीपाडवा, धुळवड, दसरा आणि ईद यांची रस्सीखेच चालते. यादी कामगार प्रतिनिधींच्या सहीने डिसेंबरमध्येच लावावी. ठरलेली सुट्टी रविवारी आली (२०२५ चा २६ जानेवारी तसा आला) तर बदली मिळेल की नाही हेही तिथेच लिहावे. मिश्र वस्तीच्या या शहरात चार सुट्ट्या सगळ्यांना पुरत नाहीत. त्यावर २ ऐच्छिक सुट्ट्या, म्हणजे लांब यादीतून ज्याने त्याने निवडायच्या, हा तोडगा स्वस्त आणि परिणामकारक ठरतो. बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबर, नाताळ, पारशी नववर्ष, छठपूजा सगळे त्यात बसते.

खरा ताण गणपतीत येतो. लोअर परळच्या गोदामात किंवा भांडुपच्या कार्यशाळेत निम्मे लोक रत्नागिरी-सिंधुदुर्गचे असतील, तर त्या आठवड्याची रजा हा वर्षातला सर्वांत नाजूक विषय असतो. कायदा १५ दिवस आधी अर्ज मागतो, पण कोकण रेल्वेचे आरक्षण ६० दिवस आधी सुटते आणि काही मिनिटांत संपते. १५ दिवसांच्या मुदतीवर चालणाऱ्या कंपनीत माणूस आधी तिकीट काढतो आणि मग अर्ज देतो. तेव्हा अर्ज नाकारला तरी तो जातोच, आणि हजेरीत बिनपगारी पडते. म्हणून चतुर्थीच्या रजेचे अर्ज ७५ दिवस आधी घेऊन आरक्षण सुटायच्या आठवडाभर आधी मंजुरी द्यावी. प्रत्येक विभागातून किती जण जाऊ शकतात तो आकडा आधी जाहीर करावा, आणि गेल्या वर्षी थांबलेल्याला यंदा पहिला हक्क द्यावा. ज्येष्ठतेवर वाटप केले की तेच पाच जण दरवर्षी गावी जातात. शिमग्यालाही हीच पद्धत लावावी, फक्त गर्दी थोडी कमी असते.

पावसाळ्यात लोकल बंद पडण्याचे दिवस हे आणखी एक खास मुंबईचे कलम. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिमी पाऊस झाला. तेवढा पाऊस विरळा, पण रुळांवर पाणी साचून गाड्या थांबणे हे दर पावसाळ्याचे आहे. अशा दिवशी सीएल कापायची, घरून काम धरायचे की हजेरी माफ करायची, हे त्या दिवशी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरवले की बदलापूरचा शिपाई आणि दादरचा अधिकारी यांना वेगळे न्याय मिळतात. ‘मध्य, पश्चिम किंवा हार्बर मार्गावरील सेवा बंद असल्याचे रेल्वेने जाहीर केल्यास’ अशी कसोटी आधीच लिहून ठेवावी आणि वर्षाला दोन-तीन आपत्ती दिवस वेगळे ठेवावेत.

सँडविच, लेट मार्क आणि कॉम्प-ऑफ

शुक्रवारी आणि सोमवारी रजा घेतली तर मधले शनिवार-रविवारही रजेत मोजणे म्हणजे सँडविच नियम. कारखाने अधिनियमाच्या रजेत मधल्या आणि कडेच्या सुट्ट्या मोजता येत नव्हत्या, त्यामुळे तिथे हा नियम चालतच नसे. कार्यालयांत तो लावायचाच असेल तर फक्त बिनपगारी रजेला लावावा. तीन लेट मार्कला अर्धी सीएल कापणेही धोक्याचे, कारण कायद्याने मिळालेली किमान रजा ही शिस्तीची शिक्षा म्हणून कापण्यासाठी नाही. साप्ताहिक सुट्टीला कामावर बोलावल्यास दोन महिन्यांच्या आत बदली सुट्टी द्यावी लागते. सॉफ्टवेअरमध्ये या बदली सुट्टीची, म्हणजे कॉम्प-ऑफची, मुदत ३० दिवस ठेवलेली असते, ती ६० करावी.

रजेचे पैसे

शिल्लक पीएलचे पैसे काढताना भाजक कोणता हे ठरवावे. मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून २६,००० रुपये असेल, तर २६ ने भागल्यास दिवसाला १,००० आणि ३० ने भागल्यास ८६६.६७ रुपये होतात. दहा दिवसांत १,३३३ रुपयांचा फरक पडतो. बिनपगारी कापताना ज्या भाजकाने कापले त्याच भाजकाने रोखीकरण करावे. कापताना २६ आणि देताना ३० असा कारभार तक्रारीत उघडा पडतो. नव्या वेतन संहितेत भत्ते एकूण मोबदल्याच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त असतील तर वरचा भाग वेतनात धरला जातो. त्यामुळे मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवलेल्या कंपन्यांचा रोखीकरणाचा खर्च वाढतो. त्याच संहितेनुसार राजीनामा किंवा बडतर्फीनंतर वेतन दोन कामकाजाच्या दिवसांत चुकते करायचे असते. ‘फुल अँड फायनल ४५ दिवसांनी’ ही जुनी सवय आता मोडावी लागते. नोकरीत असताना घेतलेली रजेची रक्कम पूर्ण करपात्र असते. निवृत्तीच्या किंवा नोकरी सोडण्याच्या वेळी बिगरसरकारी कर्मचाऱ्याला एकूण २५ लाखांपर्यंत सूट आहे. हिशेबाच्या पुस्तकांत साठलेल्या रजेच्या देण्याची तरतूद दरवर्षी दाखवावी लागते, पण आयकरात वजावट पैसे प्रत्यक्ष दिल्यावरच मिळते.

वर्षअखेरचा क्रम

३१ डिसेंबरच्या रात्री सॉफ्टवेअर जो हिशेब बंद करते, त्यातल्या पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी उरलेली सीएल बाद करावी, मग डिसेंबरची पीएल जमा करावी, मग ४५ ची मर्यादा तपासून वरची शिल्लक वेगळी काढावी, आणि त्यानंतरच नव्या वर्षाची सीएल व ऐच्छिक सुट्ट्या टाकाव्यात. वर्षाची पीएल एकरकमी देणाऱ्या कंपनीत नवी जमा आधी आणि मर्यादा नंतर असा क्रम लागला, तर ३८ शिल्लक असलेल्याच्या खात्यात १५ पडून ५३ होतात आणि ८ दिवस तिथल्या तिथे कापले जातात. मर्यादा आधी तपासली असती तर ३८ तशाच राहून नव्या पंधरा वापरायला सबंध वर्ष मिळाले असते. मर्यादेवरची शिल्लक आपोआप बाद करण्याची खूण सॉफ्टवेअरमध्ये आधीच लावलेली असते, ती काढावी. १५ दिवस आधी मागूनही नाकारलेल्या रजेमुळे साठा ४५ च्या वर गेला असेल, तर वरच्या दिवसांचे पैसे मागण्याचा हक्क कामगाराला आहे. त्यासाठी नाकारलेला प्रत्येक अर्ज तारखेसह जपून ठेवावा लागतो, तोंडी ‘नंतर बघू’ म्हटलेलाही.