बदकाचा पाय आणि वारकऱ्याचा पाय

भिगवणला उजनीच्या पाण्यावर हिवाळ्यात काळ्या पक्ष्यांचे मोठाले थवे दिसले की नावेतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "ती बघा काळी बदकं!" नांदूर मध्यमेश्वरलाही हेच ऐकू येतं. ती बदकं नसतात, ते वारकरी असतात. काही जण त्यांना चांदवा म्हणतात. कपाळावरची पांढरी ढाल, टोकदार पांढरी चोच आणि पोहताना मागेपुढे हलणारी मान एवढ्यावरही ओळख पटते. पण सगळ्यात मोठा फरक पाण्याखाली, पायांत असतो. वारकरी चिखलावर चढेपर्यंत दुर्बीण खाली ठेवू नका, एवढंच माझं सांगणं आहे.

आधी बदकाचा पाय पाहू. बदकाचा गुडघा मागच्या बाजूला वाकतो असं पुष्कळांना वाटतं. जो मागे वाकलेला दिसतो तो खरं तर घोटा. गुडघा वर, पोटाजवळच्या पिसांत दडलेला असतो आणि आपल्या गुडघ्यासारखाच वाकतो. घोट्याखालची खवल्यांची नळी म्हणजे आपल्या तळपायात जी लांब हाडं असतात, ती जुळून झालेलं एकच हाड. म्हणजे बदक सतत बोटांवरच चालत असतं. दोन्ही पाय एकमेकांपासून लांब असल्यामुळे प्रत्येक पावलाला अंगाचा भार या बाजूवरून त्या बाजूवर न्यावा लागतो, आणि त्यातूनच ती डुलकी चाल येते. सगळ्या बदकांत हे सारख्या प्रमाणात नसतं. थापट्या किंवा हळदी-कुंकू बदक पाण्याच्या पृष्ठभागावर चरणारं. त्याचे पाय शरीराच्या मध्याजवळ असतात, त्यामुळे ते काठावर बऱ्यापैकी चालतं. लालसरी आणि शेंडी बदक बुडी मारणारी. त्यांचे पाय बरेच मागे सरकलेले, पाण्याखाली जोर लावायला उत्तम आणि जमिनीवर अडचणीचे.

बदकाची पुढची तिन्ही बोटं एकाच सलग पडद्यानं जोडलेली असतात. मागचं बोट लहान, थोडं वर, आणि पडद्याच्या बाहेर. पाय मागे रेटताना बोटं फाकतात आणि पडदा ताणला जातो. पाय पुढे आणताना बोटं जवळ येतात आणि पडदा छत्रीसारखा मिटतो, म्हणून पुढे येणाऱ्या पायाला पाणी फारसं अडवत नाही. पडद्याला छोटी चीर गेली तरी ती बहुतेकदा भरून येते, नाहीतर कडेला खाच राहते. म्हणूनच ज्या पिल्लांच्या पायात अजून ओळखीची कडी बसत नाही त्यांच्या पडद्यातून संशोधक धातूची बारीक खूणपट्टी अडकवतात.

वारकऱ्याच्या पायात सलग पडदा नाहीच. प्रत्येक बोट सुटं, आणि त्याच्या दोन्ही कडांना त्वचेच्या पसरट पाळ्या. या पाळ्या बोटाच्या पेरांप्रमाणे विभागलेल्या असतात: आतल्या बोटाला दोन, मधल्याला तीन, बाहेरच्याला चार. पक्ष्यांच्या या बोटांत हाडं अनुक्रमे 3, 4 आणि 5 असतात. नखाचं शेवटचं हाड सोडलं की पाळ्यांचा हिशेब जुळतो. मला पक्ष्यांच्या शरीररचनेतली ही अत्यंत देखणी गोष्ट वाटते. पाय मागे रेटला की पाळ्या उघडतात, पुढे आणला की पाण्याच्या दाबानं बोटाला चिकटून मागे दुमडतात.

काम एकच, पण त्याची किंमत वेगळी. बदकाचा सलग पडदा पाणी जोरात ढकलतो, मात्र बोटं एकमेकांना बांधलेली राहतात. वारकऱ्याची बोटं मोकळी आणि लांब असल्यानं तो पाणवनस्पतींच्या तरंगत्या गाद्यांवरून, चिखलावरून, लव्हाळ्यातून आरामात चालतो. भांडताना तो मागे रेलून याच पायांनी प्रतिस्पर्ध्याला लाथा मारतो. बुडी मारून तो तळातलं शेवाळ आणि पाणगवत वर आणतो. गडवाल बदक सहसा बुडी मारत नाही, तेव्हा ते वारकऱ्यांच्या आसपास घुटमळतं आणि वर आलेला घास लांबवतं. थव्यात काळ्यांमध्ये करडी बदकं मिसळलेली दिसतात ती काही वेळा यासाठी.

उडण्यावरून मात्र दोघांत फरक करायला जाऊ नका. वारकरी पाण्यावर पाय आपटत लांब धावतो आणि मग वर उठतो हे खरं, पण लालसरीही तसंच धावते. थापट्यासारखी पृष्ठभागावर चरणारी बदकं पाण्यातून जवळजवळ सरळ वर उठतात.

पायावरून नातं ठरवण्याचा मोहही टाळलेला बरा. वारकरी पाणकोंबडीच्या कुळातला आणि सारस-क्रौंचांच्या गणातला. सारसाच्या पायाला ना पडदा ना पाळ्या. त्याच तलावातल्या टिबुकलीच्याही बोटांना पाळ्या असतात, तरी ती वारकऱ्याची जवळची नातेवाईक नाही. जनुकीय अभ्यासानुसार तिचा सगळ्यात जवळचा नातलग रोहित (फ्लेमिंगो), आणि रोहिताच्या बोटांत बदकासारखा पडदा आहे! पक्ष्याचा पाय त्याचं काम सांगतो, घराणं नाही.

बदकाचा पाय कशासाठी घडला हे लक्षात घेतलं की पाळीव बदकांची दुखणीही समजतात. तो ओल्या, मऊ जमिनीसाठी आणि पाण्यासाठी आहे. जंगली मालार्ड बदक साधारण किलो-सव्वा किलोचं. त्याच्यापासूनच तयार झालेलं पाळीव पांढरं पेकिन बदक 3 ते 4 किलोंचं. एवढा भार सिमेंटच्या फरशीवर दिवसभर पेलताना तळव्याची कातडी घासते, बारीक जखमेतून जंतू शिरतात, बऱ्याचदा स्टॅफिलोकोकस, आणि तळव्यावर मध्यभागी काळी खपली धरलेली गाठ होते. हे बंबलफूट. पक्ष्यांचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो, त्यामुळे तो आपोआप वाहून जात नाही. घरी ब्लेडनं खपली उकरू नका. संसर्ग हाडापर्यंत गेला तर पाय वाचवणं कठीण होतं. सुजेच्या सुरुवातीलाच पशुवैद्याकडे न्यावं.

पिल्लू लंगडायला लागलं की लोक यालाच दोष देतात, पण पहिल्या काही आठवड्यांत कारण बहुधा दुसरंच असतं. बदकाच्या पिल्लांना नायसिन, म्हणजे ब-3 जीवनसत्त्व, कोंबडीच्या पिल्लांपेक्षा जास्त लागतं, खाद्यात किलोमागे सुमारे 55 मिलिग्रॅम. निव्वळ कोंबडीच्या खाद्यावर ते कमी पडू शकतं. मग घोटा सुजतो, पाय धनुकलीसारखे वाकतात, पिल्लू बसूनच राहतं. तळवा मात्र स्वच्छ असतो. पाय उलटा करून तळवा पाहिला की बहुतेक वेळा दोन्हींतला फरक तिथेच कळतो. उपाय म्हणून नायसिन असलेलं ब्रुअर्स यीस्ट खाद्यात मिसळतात, किती ते पशुवैद्याला विचारून. उशीर झाला तर वाकलेली हाडं सरळ होत नाहीत.

तलावावरच्या मोकळ्या पक्ष्यांना, बदक असो वा वारकरी, नायलॉनच्या धाग्याचा धोका असतो. जाळ्याचा तुटका तुकडा बोटांत गुरफटला की रक्तपुरवठा थांबतो आणि बोट झडतं. असा पक्षी हाती लागला तर धागा ओढू नका, ओढला की तो आणखी रुततो. पक्ष्याला कापडात गुंडाळून हवेशीर खोक्यात ठेवा आणि वनविभागाला 1926 वर कळवा. काठावर पडलेला धागा दिसला तर उचलून गुंडाळून घरी आणा आणि बारीक तुकडे करूनच कचऱ्यात टाका.