मे महिन्यातला सडा आणि टिटवीची अंडी

रत्नागिरी, राजापूर, देवगडकडचे सडे, म्हणजे जांभ्या दगडाची उघडी सपाट पठारं, मे महिन्यात बघितले तर कुणालाही वाटेल की इथे काय असणार, नुसता काळवंडलेला जांभा आणि मधे मधे करपलेलं गवत. सातबाऱ्यावर पण यातली बरीच जमीन पोटखराबा, म्हणजे लागवडीला निरुपयोगी, म्हणूनच लागलेली असते. पण नेमका हाच जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचा ऐन सीझन, माळटिटवी, मलबारी चंडोल, डोंबारी, रातवा सगळे उघड्यावर अंडी घालून बसलेले असतात, आणि जूनमध्ये पाऊस लागला की अंडी घातलेले हे खळगे पाण्याने भरणार त्यामुळे त्यांच्या हातात वेळही कमी.

माळटिटवी म्हणजे डोक्यावर काळी टोपी आणि चोचीजवळ पिवळी लोंबती कातडी असलेली, ही फक्त आपल्या भारतीय उपखंडातच सापडते. तिचं घरटं म्हणजे जमिनीतला उथळ खळगा, त्यात बहुतेक वेळा चार अंडी, निमुळती टोकं आतल्या बाजूला, मातकट रंगावर काळे-तपकिरी डाग. दोन पावलांवरून पण दिसत नाहीत, जांभ्याचे खडेच वाटतात.

पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला, हे आपण शाळेत शिकलो. सड्यावर दुपारी बरोबर उलटं चालू असतं. अंड्यातल्या गर्भाला साधारण ३७-३८ अंश तापमान मानवतं, ४० च्या बरंच वर जाऊन तिथेच राहिलं तर तो मरतो, आणि उन्हातला कातळ हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, अनवाणी पाय टेकवत नाही. म्हणून टिटवी अंड्यांवर पूर्ण न बसता अर्धवट उभी राहून सावली धरते, चोच उघडी ठेवून धापा टाकत. त्याहून भारी म्हणजे ती पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि त्या ओल्या पोटाने अंडी थंड करते, पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते. मे महिन्यात सड्यावर पाणी कुठे, तर एखाद्या जुन्या चिरेखाणीत नाहीतर गुरांच्या टाकीपाशी.

आता विचार करा, अशा वेळी आपण कॅमेरा घेऊन जवळ गेलो, ती उठली, डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, आपल्याला वाटतं काय मस्त ॲक्शन मिळतेय, आणि तेवढा सगळा वेळ अंडी उघड्या उन्हात भाजत असतात. वर कावळे हे सगळं बघत असतातच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हे शिकारीच्याच व्याख्येत येतं, हे बऱ्याच फोटोग्राफर मंडळींना माहीतच नसतं.

फोटो काढूच नका असं मी म्हणत नाही. सकाळी लवकर जा, ऊन चढायच्या आत निघा, रस्त्यावरच गाडीत बसून खिडकीतून लांब लेन्सने काढा, गाडीला पक्षी माणसाइतका बिचकत नाही. तरी ती अंड्यांवरून उठलीच तर लगेच मागे व्हा, ती परत बसेपर्यंत तिथेच ताटकळू नका. समोरचं गवत बाजूला करू नका, तोच तिचा आडोसा. आणि घरट्याचं लोकेशन कुठेही टाकू नका प्लीज.

खरं तर घरट्यापेक्षा डोंबारीच्या नराच्या मागे लागा. काळं तोंड, काळं पोट, राखाडी माथा, हा चिमणीएवढा पक्षी पंख फडफडवत सरळ वर चढतो, मग पंख मिटून दगडासारखा खाली येतो, जमिनीच्या जरा वर सावरून पुन्हा वर उसळी, आणि खाली येताना लांब शीळ. एकाच जागी पुन्हा पुन्हा करतो, त्यामुळे लांबून आरामात फोकस लावता येतो आणि अंड्यांना काही धक्का नाही.

टिटवीची अंडी महिन्याभरात फुटतात आणि पिल्लं अंगावरची पिसं सुकली की लगेच चालायला लागतात. पण आईबापाने धोक्याची हाक दिली की पळत नाहीत, आहे तिथेच जमिनीला चिकटून बसतात, चाकापुढे आली तरी. त्यामुळे मे-जूनमध्ये सड्यावर गाडी मळलेली वाट सोडून खाली उतरवायची नाही.