स्वतंत्र विचार आणि चारित्र्य: शिक्षणातील एका जुन्या ताणाची पार्श्वभूमी

विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने विचार करावा आणि त्याचे चारित्र्य खंबीर असावे, ही दोन उद्दिष्टे आजच्या शैक्षणिक धोरणांत एका दमात उच्चारली जातात. शिक्षणाच्या इतिहासात मात्र ती फार काळ एकत्र नांदलेली दिसत नाहीत. चारित्र्य घडवण्याचा आग्रह धरणाऱ्यांना मुलांचे प्रश्न अनेकदा अडचणीचे वाटले, तर विचारस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्यांनी आचरणाची बाजू पुष्कळदा घरावर आणि धर्मसंस्थांवर सोपवली. दोहोंचा मेळ जिथे थोडाफार बसला, तिथे उपदेशाऐवजी मुलांच्या हाती खरे निर्णय सोपवलेले होते, असे या इतिहासावरून म्हणता येते.

ही विभागणी किमान ॲरिस्टॉटलइतकी जुनी आहे. बौद्धिक सद्गुण मुख्यतः अध्यापनाने वाढतात आणि नैतिक सद्गुण सवयीने अंगी बाणतात, अशी मांडणी त्याने आपल्या नीतिशास्त्रात केली. न्याय्य कृती करत राहिल्यानेच माणूस न्यायी होतो, हे त्याचे म्हणणे. ॲरिस्टॉटलला स्वतःला या दोन गोष्टी तोडायच्या नव्हत्या, कारण व्यवहारातील विवेक हा त्याच्या मते दोहोंना सांधणारा दुवा होता. पुढच्या काळातील शाळांनी मात्र सोयीचे तेवढे घेतले: शिकवणे वर्गात आणि सवय लावणे छडीने.

भारतीय परंपरेतही या प्रश्नाची जाण दिसते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत अध्ययन संपवून निघालेल्या शिष्याला आचार्य सत्य आणि धर्म यांचा उपदेश करतात आणि त्याच ओघात ‘यान्यस्माकं सुचरितानि, तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि’ असे बजावतात. आमचे जे चांगले आचरण असेल तेवढेच घे, बाकीचे नको, असे गुरूनेच सांगणे म्हणजे निवड करण्याचा अधिकार आणि तिची जबाबदारी शिष्याकडे देणे होय. पाली साहित्यातील कालामसुत्तातही परंपरा, ऐकीव माहिती किंवा गुरूविषयीचा आदर यांच्याच आधारावर काही स्वीकारू नये, असे बुद्ध सांगतात. त्यातील संशयाचा भाग आज आवडीने उद्धृत होतो. पण लोभ, द्वेष आणि मोह यांमुळे माणूस कसा वागतो आणि त्यातून हित होते की अहित, ही कसोटी त्या सुत्तात लगेच पुढे येते, ती बहुधा गाळली जाते.

आधुनिक युरोपात हा ताण सर्वांत नेमका पकडला तो इमॅन्युएल कान्टने. स्वतःची बुद्धी वापरण्याचे धैर्य दाखवा, हे त्याचे 1784 मधील निबंधातील आवाहन प्रसिद्ध आहे. शिक्षणावरील त्याची व्याख्याने 1803 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतला प्रश्न तुलनेने कमी उद्धृत होतो. शिक्षणात सक्ती अटळ आहे, मग त्या सक्तीतूनच स्वातंत्र्य कसे जोपासायचे, असा तो प्रश्न होता. सहा वर्षांनी, म्हणजे 1809 मध्ये, प्रशिया या जर्मन राज्याच्या शिक्षणखात्याची सूत्रे विल्हेल्म फॉन हुम्बोल्टकडे आली. धंदेशिक्षणापूर्वी प्रत्येकाला माणूस म्हणून घडण्याचे सर्वसाधारण शिक्षण मिळावे, असा त्याचा आराखडा होता. सुताराला ग्रीक भाषा शिकणे आणि पंडिताला टेबल बनवणे यांपैकी काहीच निरुपयोगी ठरणार नाही, असे त्याने लिहिले. हुम्बोल्ट दीड वर्षाच्या आतच पदावरून गेला. त्याच्या कल्पनेतून 1810 मध्ये बर्लिनचे विद्यापीठ उभे राहिले, पण सर्वांसाठी एकसंध शालेय शिक्षण ही कल्पना कागदावरच राहिली.

इंग्लंडने दुसरी वाट धरली. रग्बी शाळेत 1828 ते 1842 या काळात मुख्याध्यापक असलेल्या थॉमस आर्नल्डने आपला अग्रक्रम उघड सांगितला होता: आधी धर्म आणि नीतीची तत्त्वे, मग सभ्य वर्तन आणि त्यानंतर बौद्धिक क्षमता. वरच्या वर्गातील मुलांकडे धाकट्यांवर देखरेख करण्याचे आणि शिक्षा देण्याचे अधिकार देऊन त्याने जबाबदारीची सवय लावली, हे खरे. पण ती जबाबदारी वरून खाली उतरणारी होती आणि तिच्यात प्रश्नाला फारशी जागा नव्हती. हाच नमुना पुढे साम्राज्याच्या शाळांमधून जगभर गेला. त्या शतकाच्या अखेरीस महाराष्ट्रात गोपाळ गणेश आगरकरांनी मात्र या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या नाहीत. 1888 मध्ये ‘सुधारक’ सुरू करणारे आणि 1892 पासून फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य असलेले आगरकर रूढी बुद्धीच्या कसोटीवर घासून घेत, आणि पटलेले बोलून दाखवण्याचे धैर्य हीच त्यांच्या लेखी चारित्र्याची खूण होती.

विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत चारित्र्यशिक्षणाची लाट आली. वर्गाच्या भिंतीवर नीतिनियम लावणे, प्रतिज्ञा म्हणणे आणि सद्गुणांच्या याद्या पाठ करणे असा तिचा थाट होता. अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युईने 1909 मध्येच या पद्धतीवर बोट ठेवले होते. पाण्यात न उतरवता पोहणे शिकवणाऱ्या एका शाळेची गोष्ट त्याने सांगितली. तिथे शिकलेल्या तरुणाला पाण्यात पडल्यावर काय केलेस असे विचारले, तेव्हा ‘बुडालो’ एवढेच तो म्हणाला. नैतिकतेविषयीची माहिती आणि आचरणात उतरलेला नैतिक विचार यांत ड्युई फरक करत असे.

या टीकेला पुरावा मिळाला तो ह्यू हार्टशॉर्न आणि मार्क मे यांच्या संशोधनातून. 1928 ते 1930 या काळात तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासासाठी सुमारे 11,000 मुलांच्या चाचण्या घेतल्या गेल्या, आणि त्यांतली युक्ती मुद्दाम पाहण्यासारखी आहे. मुलांनी सोडवलेल्या उत्तरपत्रिका गोळा करून त्यांची गुपचूप नोंद केली जाई. नंतर त्याच उत्तरपत्रिका उत्तरसूचीसह परत देऊन मुलांना स्वतःच गुण द्यायला सांगत. मधल्या वेळेत कोणी उत्तर बदलले, हे मूळ नोंदीशी ताडून कळे. निष्कर्ष अस्वस्थ करणारे होते. परीक्षेत फसवणूक करणारे मूल खेळातही फसवेलच असे नव्हते. प्रामाणिकपणा बराचसा प्रसंगावर, पकडले जाण्याच्या शक्यतेवर आणि वर्गातील सोबत्यांच्या वागण्यावर अवलंबून होता. योग्य काय हे मुलाला किती ठाऊक आहे, याचा त्याच्या वर्तनाशी क्षीण संबंध आढळला आणि चारित्र्यशिक्षणाच्या प्रचलित कार्यक्रमांचा परिणामही फारसा दिसला नाही. पुढच्या संशोधकांनी हीच आकडेवारी पुन्हा तपासली, तेव्हा अनेक चाचण्या एकत्र धरल्यास व्यक्तीच्या स्वभावातील सातत्य काही प्रमाणात दिसते, असे आढळले. पण भिंतीवरच्या सुविचारांना त्यामुळे जीवदान मिळाले नाही.

त्याच सुमारास वॉर्सात डॉक्टर यानुश कोर्चाक वेगळा प्रयोग करत होते. 1912 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या अनाथाश्रमात पुढे मुलांचे न्यायालय बसू लागले. न्यायाधीश मुलेच असत, कुणाविरुद्धही तक्रार नोंदवता येई आणि निकाल लेखी संहितेनुसार दिला जाई. त्या संहितेतील पहिली 99 कलमे या ना त्या कारणाने दोषमुक्त करणारी होती. संस्थेतून काढून टाकण्याचे कलम 1000 हे अगदी शेवटचे होते. सहा महिन्यांत आपण स्वतः पाच वेळा या न्यायालयापुढे उभे राहिलो, असे कोर्चाकांनी लिहून ठेवले आहे. दुसऱ्याचे म्हणणे ऐकणे, पुरावा तोलणे आणि रागावर ताबा ठेवून निर्णय देणे हे इथे एकाच कृतीत घडत होते. शिक्षणाच्या इतिहासात दोन्ही प्रवाह इतक्या स्वच्छपणे एकत्र आलेले मला तरी दुसरीकडे आढळत नाहीत. 1942 मध्ये नाझींनी या मुलांना त्रेब्लिंका छावणीत नेले, तेव्हा सुटकेची संधी नाकारून कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले.

युद्धानंतर ‘आज्ञाधारक’ या गुणाकडे पाहण्याची दृष्टी बदलणे अपरिहार्य होते. जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो यांनी 1966 मध्ये जर्मन नभोवाणीवरील भाषणात असे मांडले, की छळछावण्यांची पुनरावृत्ती रोखणारी खरी शक्ती म्हणजे स्वतः विचार करण्याची आणि झुंडीत सामील न होण्याची क्षमता. अमेरिकेत 1974 मध्ये याच दिशेने दोन प्रयत्न झाले. नैतिक विकासाच्या टप्प्यांचा सिद्धान्त मांडणारे लॉरेन्स कोलबर्ग यांच्या सहभागाने मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे एक छोटी शाळा सुरू झाली, जिथे नियम सभेत ठरत आणि शिक्षकाचे व विद्यार्थ्याचे मत सारखे मोजले जाई. न्यू जर्सीत मॅथ्यू लिपमन यांनी मुलांसाठी तत्त्वज्ञानाची संस्था स्थापली. तर्कबुद्धीचे शिक्षण महाविद्यालयात सुरू करायला फार उशीर होतो, हे त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकवताना जाणवले होते. त्यांच्या वर्गात मुले गोलात बसून गोष्ट वाचत, त्यातून स्वतःच प्रश्न काढत आणि एकमेकांच्या कारणांची तपासणी करत.

लिपमन यांची पद्धत पुढे अनेक देशांत पोचली आणि अलीकडे तिची मोजणीही झाली. इंग्लंडमध्ये 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या तासांमुळे वाचन आणि गणितात काहीशी प्रगती दिसली; 2021 मध्ये आलेल्या अधिक मोठ्या चाचणीत वाचनावर तसा परिणाम आढळला नाही. दोन्ही वेळा मुख्य मोजपट्टी शालेय विषयांतील गुणांचीच होती. तत्त्वज्ञानाच्या तासाला बसलेले मूल गटाच्या दबावापुढे आपले मत टिकवते का, किंवा चूक पटल्यावर ते बदलते का, हे पाहण्यासाठी हार्टशॉर्न आणि मे यांच्याइतकी कल्पक चाचणी त्यात वापरलेली नव्हती.